आयता ब्राउझर आणि निवडलेला ब्राउझर

संगणकावरील बहुतेक साधनांची तुलना त्यांच्या कामावरून करता येते. ब्राउझरच्या बाबतीत ही सोय फारशी उरत नाही, कारण वापरताना ज्याच्याकडे लक्षच जात नाही तो ब्राउझर चांगला, असे मानले जाते. दूरच्या सर्व्हरवरून आलेली सांकेतिक मजकुराची फाइल वाचून तिच्यातून शीर्षके, चित्रे, रकाने आणि बटणे असलेले पान पडद्यावर मांडणे हे त्याचे मूळ काम, आणि ते करणाऱ्या त्याच्या पोटातल्या भागाला रेंडरिंग इंजिन, म्हणजे पानाची मांडणी करणारे यंत्र, असे म्हणतात. त्याच्याभोवती पत्त्याची पट्टी, टॅब, वाचनखुणा आणि लक्षात ठेवलेले पासवर्ड यांचे बाह्य कवच असते. वापरणाऱ्याचा रोजचा संबंध या कवचाशी येतो, तर दोन ब्राउझरांमधला महत्त्वाचा फरक पुष्कळदा इंजिनात दडलेला असतो. त्यामुळे अमुक ब्राउझर आवडतो असे कोणी म्हणतो तेव्हा त्या आवडीत तुलनेचा वाटा किती आणि सवयीचा किती, हे वेगळे काढणे अवघड जाते. गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहता असे दिसते की बहुसंख्य लोकांनी ब्राउझर पारखून घेतलेला नाही. तो त्यांना यंत्रासोबत आयता मिळाला, आणि पसंतीचा प्रश्न उभा राहिला तो त्या आयत्या ब्राउझरने छळायला सुरुवात केल्यावर.

आरंभीच्या काळात आयते असे काही नव्हतेच. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत लिहिलेला पहिला ब्राउझर नेक्स्ट कंपनीच्या संगणकांपुरताच चालत असे, आणि त्यात पान वाचण्याबरोबर लिहिण्याचीही सोय होती, जी पुढच्या बहुतेक ब्राउझरांनी सोडून दिली. सामान्य माणसापर्यंत ही कल्पना पोहोचली ती १९९३ मध्ये, इलिनॉय विद्यापीठातील मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांच्या मोझेकमुळे, कारण मजकुराच्या ओळींमध्येच चित्र दाखवण्याची पद्धत त्याने रूढ केली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा कोणता ब्राउझर वापरायचा हे वर्गणीदाराच्या खात्याचा प्रकारच ठरवीत असे. महागडे टीसीपी-आयपी खाते घेतले तर चित्रांसह नेटस्केप चाले. स्वस्तातले ‘शेल’ खाते घेतले तर लिंक्स हा केवळ अक्षरे दाखवणारा ब्राउझर वाट्याला येई, ज्यात बाणांच्या कळा दाबत एका दुव्यावरून दुसऱ्यावर जावे लागे. त्या काळच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी इंटरनेट प्रथम पाहिले ते अशा चित्रहीन रूपात, आणि त्यांच्यापुरता आवडीनिवडीचा प्रश्न वर्गणीच्या आकड्यापाशीच संपला.

नेटस्केप नॅव्हिगेटर डिसेंबर १९९४ मध्ये बाजारात आला, ऑगस्ट १९९५ मध्ये त्या कंपनीचे समभाग विक्रीस निघाले, आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने स्पायग्लास या कंपनीकडून मोझेकचा परवाना घेऊन तयार केलेला इंटरनेट एक्सप्लोरर पुढे केला. त्यानंतरची लढाई ब्राउझरांच्या गुणांवर लढली गेली अशी आठवण अनेक जाणकार सांगतात, आणि ती पूर्णपणे खोटी नाही. १९९७ च्या चौथ्या आवृत्तीपासून इंटरनेट एक्सप्लोरर खरोखर सुधारला, तर नेटस्केपची चौथी आवृत्ती वारंवार कोसळत असे. तथापि अमेरिकी सरकारने मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध दाखल केलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी पुढच्या वर्षी नोंदवलेले निष्कर्ष वेगळ्याच गोष्टीवर बोट ठेवतात. ब्राउझर लोकांच्या हाती पोहोचवण्याचे सर्वांत परिणामकारक मार्ग दोनच, असे त्यांत म्हटले आहे: संगणक बनवणाऱ्या कंपन्या, ज्या तो आधीच भरून देतात, आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या, ज्या तो आपल्या सीडीतून पाठवतात. टेलिफोनच्या तारेवरून काही मेगाबाइटचा ब्राउझर उतरवून घ्यायला तास-दीड तास सहज लागत असे, आणि मध्येच फोन तुटला तर सगळे मुसळ केरात. अशा स्थितीत गुणवत्तेत फार मोठी तफावत असल्याखेरीज हा उपद्‍व्याप कोण करणार?

या लढाईतले सर्वांत बोलके प्रकरण अमेरिका ऑनलाइन या कंपनीचे आहे. विंडोजच्या पडद्यावर आपले चिन्ह झळकावे म्हणून तिने १९९६ मध्ये आपल्या ग्राहकांना इंटरनेट एक्सप्लोरर देण्याचे कबूल केले. पुढे नोव्हेंबर १९९८ मध्ये तिने साक्षात नेटस्केप कंपनीच विकत घेण्याचा करार केला, आणि तरीही आपल्या ग्राहकांना इंटरनेट एक्सप्लोररच देत राहिली. स्वतःच्या मालकीचा ब्राउझर घरात ठेवून प्रतिस्पर्ध्याचा वाटायचा, यात वरवर वेडेपणा दिसतो, पण विंडोजच्या पडद्यावरच्या त्या चिन्हाची किंमत तिला पक्की ठाऊक होती. लक्षावधी वर्गणीदारांच्या ‘पसंतीचा’ ब्राउझर अशा रीतीने दोन कंपन्यांच्या करारपत्रात ठरला.

इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी यायला २००६ साल उजाडले. प्रतिस्पर्धी उरला नाही की सुधारणेची गरज उरत नाही, याचा याहून चांगला पुरावा शोधायला नको. या पाच वर्षांत आपोआप उघडणाऱ्या जाहिरातींच्या खिडक्या, न विचारता शिरणाऱ्या हेरगिरीच्या प्रणाली आणि पत्त्याच्या पट्टीखाली चढत जाणाऱ्या परक्या साधनपट्ट्या यांनी घरोघरचे संगणक बेजार झाले. नेटस्केपने १९९८ मध्ये आपली मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली होती आणि तिच्यातून मोझिला हा प्रकल्प उभा राहिला होता. त्यातूनच ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती निघाली. तिने जाहिरातींच्या खिडक्या अडवल्या, अनेक पाने एकाच खिडकीतल्या टॅबांमध्ये उघडण्याची सोय दिली, आणि हजारो समर्थकांनी वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात छापली. इथे प्रथमच साध्या वापरकर्त्यांनी मोठ्या संख्येने आयता ब्राउझर सोडून दुसरा घेतला. परंतु तो बहुतेकांनी स्वतः शोधला नाही. संगणकातले कळणारा एखादा भाचा किंवा शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी यंत्र साफ करायला येई आणि जाताना फायरफॉक्स बसवून जाई, वर इंटरनेट एक्सप्लोररच्या निळ्या चिन्हाला हात लावू नका असे बजावून. मानकांचे पालन, मुक्त संहिता वगैरे कारणे त्या विद्यार्थ्याला पटलेली असत. घरच्यांना एवढेच कळे की संगणक आता कटकट करत नाही.

अॅडम ग्रँट यांच्या २०१६ मधील ‘ओरिजिनल्स’ या पुस्तकाने एक निरीक्षण गाजवले: ग्राहकसेवेतले जे कर्मचारी फायरफॉक्स किंवा क्रोम वापरत, ते इंटरनेट एक्सप्लोरर किंवा अॅपलचा सफारी हे आयते ब्राउझर वापरणाऱ्यांपेक्षा नोकरीत अधिक काळ टिकत, आणि त्याचे कारण म्हणे ते आयत्यावर समाधान न मानणारे लोक होते. निरीक्षण रंजक आहे, पण ज्या कचेऱ्यांत कर्मचाऱ्याला स्वतःहून काहीही बसवण्याची मुभा नसते, तिथे ते कशाला लावायचे, हा प्रश्न राहतोच. आणि वरच्या भाच्याचा हिशेबही त्यात धरलेला नाही.

आयत्याची ताकद मोजण्याचा सर्वांत मोठा प्रयोग युरोपात झाला. युरोपीय आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार मायक्रोसॉफ्टने मार्च २०१० पासून विंडोज वापरणाऱ्यांपुढे बारा ब्राउझरांची यादी असलेला निवडपट ठेवला, ज्यात प्रमुख पाच आधी दिसत आणि त्यांचा क्रम प्रत्येक वेळी बदलणे अपेक्षित होते, कारण पहिल्या जागी असलेल्या नावाला उगाचच फायदा मिळतो हे सर्वांना मान्य होते. गंमत अशी की क्रम बदलणाऱ्या प्रणालीतच चूक निघाली, आणि काही ब्राउझर काही जागांवर वाजवीपेक्षा अधिक वेळा येत असल्याचे जाणकारांनी दाखवून दिल्यावर ती सुधारावी लागली. याहून उद्बोधक गोष्ट पुढे घडली. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात विंडोज सातच्या एका सुधारित आवृत्तीत हा निवडपट दिसलाच नाही. सुमारे दीड कोटी लोक त्याविना राहिले, आणि त्यासाठी मार्च २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला ५६.१ कोटी युरो दंड झाला. ज्या निवडीच्या हक्कासाठी आयोगाने एवढी खटपट केली, तो हक्क हरवल्याचे चौदा महिने कोणाच्या ध्यानी आले नाही. विल्यम सॅम्युएल्सन आणि रिचर्ड झेकहाउझर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये ‘जैसे थे’कडे असलेला मनाचा कल म्हणून ज्याचे वर्णन केले, म्हणजे बदल फायद्याचा असला तरी आहे तेच चालू ठेवण्याची वृत्ती, तिचे इतके विस्तृत उदाहरण क्वचितच सापडेल.

मराठी वाचकाच्या बाबतीत मात्र ब्राउझरची पसंती दीर्घकाळ सवयीवर अवलंबून नव्हती. ती अक्षरांवर अवलंबून होती. युनिकोड, म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीतील प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खास फॉन्टवर चालत, आणि त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खच दिसे. पानाबरोबरच फॉन्ट पाठवण्याची युक्ती १९९७ च्या सुमारास निघाली खरी, पण मायक्रोसॉफ्टने त्यासाठी ईओटी हा प्रकार काढला आणि नेटस्केपने बिटस्ट्रीम कंपनीचा पीएफआर हा प्रकार उचलला, त्यामुळे एकच बातमी दोन्हीकडे दिसावी म्हणून संकेतस्थळांना दोन्ही प्रकार सांभाळावे लागत, आणि ज्यांना ते परवडत नसे ते बहुसंख्यांच्या, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररच्या, सोयीचा एकच ठेवत. अमेरिकेत किंवा आखातात बसून गावाकडच्या बातम्या वाचणाऱ्या मराठी माणसाने कोणता ब्राउझर वापरावा, हे अशा प्रकारे त्याच्या आवडत्या वृत्तपत्राने ठरवले.

युनिकोड आल्यावर अडचण मिटली नाही, तिने रूप बदलले. देवनागरीत वर्णांचे नुसते क्रमांक पुरत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण लिहिताना आधी लावावी लागते, दोन व्यंजनांचे जोडाक्षर करावे लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो, आणि हे सारे करणाऱ्या प्रणालीला आकारजुळणीचे इंजिन म्हणतात. विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइब हा भाग करीत असे, आणि विंडोज एक्सपीवर तो अनेकदा मूळ सीडी घालून जागा करावा लागे. सायबर कॅफेच्या चालकाकडे ती सीडी असेलच असे नव्हते. फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत परिस्थिती अशी होती की दोन्ही कडा जुळवलेला परिच्छेद आला की देवनागरीची जुळणी विस्कटे, वेलांट्या भलत्या अक्षरांना चिकटत आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत हा दोष गेला. फायरफॉक्सच्या मुक्ततेवर निष्ठा असलेले मराठी लेखकही त्यापूर्वी स्वतःचे लेखन वाचायला निमूटपणे इंटरनेट एक्सप्लोरर उघडत असतील, तर त्यांना दोष देता येत नाही. आपली भाषा धड दिसणे ही कोणत्याही तत्त्वाच्या आधीची गरज आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवणारे ‘पद्मा’ नावाचे एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून लावायचा जोडभाग, फायरफॉक्ससाठीच निघाले होते, ही त्या काळातली उलट बाजू. आज हार्फबझ हे खुले आकारजुळणी इंजिन फायरफॉक्स आणि क्रोम दोघेही वापरतात आणि या निकषावर ब्राउझरांची तुलना करण्याचे कारण बहुतांशी उरलेले नाही.

जिथे ब्राउझर सोडण्याची वाटच बंद असते, तिथे काय होते हे दक्षिण कोरियाने दाखवले. अमेरिकेच्या निर्यातबंधनांमुळे नव्वदच्या दशकात परदेशी ब्राउझरांत कमकुवत सांकेतिकीकरण मिळत असे. म्हणून कोरियाने सीड नावाची आपली १२८ बिटांची पद्धत तयार केली, आणि ब्राउझरांना ती येत नसल्यामुळे ती अॅक्टिव्हएक्सच्या रूपाने पुरवली. अॅक्टिव्हएक्स म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररच्या आत चालणारी विंडोजची छोटी प्रणाली. मूळ हेतू स्वावलंबनाचा होता, पण परिणाम असा झाला की बँकिंग आणि खरेदीसाठी सक्तीच्या केलेल्या प्रमाणपत्रांमुळे सारा देश एका परदेशी कंपनीच्या एकाच ब्राउझरला बांधला गेला. २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी जाहीर तक्रार केली की एका लोकप्रिय मालिकेतल्या नायिकेचा कोट चिनी चाहत्यांना कोरियन संकेतस्थळांवरून विकत घेता येत नाही. त्या सक्तीच्या प्रमाणपत्रांचा खास दर्जा रद्द व्हायला मात्र डिसेंबर २०२० उजाडला. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त केला, तेव्हा ग्योंगजू शहरात एका संगणक अभियंत्याने त्याची समाधीशिळा उभारली आणि दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हे साधन फार चांगले होते अशा अर्थाचा लेख तिच्यावर कोरवला. महाराष्ट्रात ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदारांनाही डिजिटल स्वाक्षरीच्या वेळी असाच अनुभव येत असे, फक्त त्याची समाधी कोणी बांधली नाही.

मोबाइलवर भारतीयांनी केलेली निवड याच्या नेमकी उलट, म्हणजे अगदी हिशेबी होती. डेटा किलोबाइटच्या भावाने मोजला जाई तेव्हा ऑपेरा मिनी हा नॉर्वेजियन कंपनीचा ब्राउझर पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर उघडून, आकसून, मग फोनकडे पाठवी. हाच मार्ग वापरणाऱ्या अलिबाबा समूहाच्या यूसी ब्राउझरने पुढे स्वस्त अँड्रॉइड फोनवर जम बसवला. खाजगीपणाविषयीच्या शंका दोघांबद्दलही घेता आल्या असत्या, कारण मधल्या सर्व्हरला सारे काही दिसू शकते, पण रिचार्ज चार दिवस अधिक पुरणे ही त्या वापरकर्त्याच्या दृष्टीने खरी तुलना होती, आणि तिला अडाणीपणा म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तेव्हा त्या निवडीचा पायाच ढासळला, आणि २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी अॅपांमध्ये यूसी ब्राउझरही गेला. दरम्यान २०१७ मधल्या बटणांच्या जिओफोनवर काय-ओएस ही प्रणाली आली, जी मोझिलाने सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसची वंशज होती आणि जिच्या पोटात गेको हे फायरफॉक्सचेच इंजिन होते. स्मार्टफोनवर लोकांनी फारसा न स्वीकारलेला फायरफॉक्स असा नाव न सांगता खेडोपाडी पोहोचला.

गुगल क्रोम २ सप्टेंबर २००८ रोजी आला तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते: प्रत्येक टॅब वेगळी प्रक्रिया म्हणून चालवायचा, म्हणजे एक कोसळला तरी बाकीचे वाचतात, जावास्क्रिप्ट ही पानांना हालचाल देणारी भाषा व्ही-आठ इंजिनाने पूर्वीपेक्षा खूप वेगाने चालवायची, आणि सुधारणा न विचारता पार्श्वभूमीत बसवायच्या. जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या शोधपानावरून त्याची शिफारस होत होती, हेही विसरता येत नाही. पण त्याच्या यशाचा खोल परिणाम पुढे दिसला. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे प्रेस्टो इंजिन मोडीत काढून क्रोमची खुली संहिता घेतली, मायक्रोसॉफ्टच्या एजने २०२० मध्ये तेच केले, आणि ब्रेव्ह व व्हिवाल्डी यांनी तर सुरुवातच तिथून केली. आता या सगळ्यांची तुलना म्हणजे एकाच इंजिनावर बसवलेल्या कवचांची तुलना होय. ऑपेराचा बदल त्याच्या जुन्या चाहत्यांना विश्वासघात वाटला, कारण आतल्याआत असलेल्या ईमेलसारख्या ज्या सोयींसाठी त्यांनी तो निवडला होता त्या एका फटक्यात गेल्या. ऑपेराचे सहसंस्थापक योन फॉन टेट्झ्नर यांनी याच मंडळींसाठी व्हिवाल्डी काढला. ब्राउझर खऱ्या अर्थाने निवडणारे लोक असे थोडे, चोखंदळ आणि बहुधा दुखावलेले असतात.

ही एकसारखेपणाची ओढ ब्राउझरच्या ओळखपत्रातही उमटलेली आहे. प्रत्येक ब्राउझर संकेतस्थळाकडे पान मागताना आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो, आणि नेटस्केपच्या काळात काही संकेतस्थळे चांगली पाने फक्त मोझिला हे नाव सांगणाऱ्यालाच, म्हणजे नेटस्केपला, देत असल्यामुळे इंटरनेट एक्सप्लोररने आपणही मोझिला असल्याचे सांगायला सुरुवात केली. पुढे सफारीने गेकोसारखा असल्याचे सांगितले, क्रोमने सफारीचेही नाव जोडले, आणि आज क्रोमची ओळख मोझिलापासून सुरू होऊन तीन-चार परक्या नावांतून स्वतःपर्यंत येते. व्हिवाल्डीने तर २०१९ पासून बहुतेक संकेतस्थळांना आपण क्रोमच असल्याचे सांगण्याचा मार्ग पत्करला, कारण नाव सांगितले की काही संकेतस्थळे दार लावून घेत. कोणता ब्राउझर किती लोक वापरतात याचे आकडे मोठ्या प्रमाणावर याच ओळीवरून काढले जातात, हे लक्षात घेतले तर अल्पसंख्य ब्राउझर आकडेवारीत असतात त्याहून लहान दिसतात असा निष्कर्ष काढावा लागतो.

या साऱ्याच्या मागे पैसा कुठून येतो, हे अमेरिकेतील गुगलविरुद्धच्या खटल्यात उघड झाले: सफारीमध्ये गुगलचा शोध आयता ठेवण्यासाठी २०२२ या एका वर्षात अॅपलला सुमारे दोन हजार कोटी डॉलर मिळाले. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भागही गुगलकडूनच येतो, म्हणजे क्रोमचा उरलेला स्वतंत्र प्रतिस्पर्धी क्रोमच्या मालकाच्या पैशावर उभा आहे. वापरणारे सहसा बदल करत नाहीत, याची इतकी रोख किंमत दुसऱ्या कोणी मोजलेली नाही.

भारतातही स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनवर गुगलची सर्व अॅप एकगठ्ठा बसवण्याच्या सक्तीबद्दल १,३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला, आणि त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गुगलने इथल्या फोन उत्पादकांना ती अॅप सुटी घेण्याची मुभा जाहीर केली. त्याच वर्षी केंद्र सरकारने देशी ब्राउझर घडवण्याची स्पर्धा पुकारली, ज्यात भारताच्या प्रमाणन नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे संकेतस्थळ खरे की तोतया हे पडताळण्याचा पाया, ब्राउझरमध्येच अंतर्भूत असण्याची अट होती. मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीच्या ‘उला’ने एक कोटी रुपयांचे पहिले बक्षीस मिळवले. उलाही क्रोमच्याच खुल्या संहितेवर उभा आहे. बक्षीस होते ते ब्राउझर घडवण्यासाठी. तो नव्या फोनवर आधीपासून ठेवायचा की नाही हे फोन विकणाऱ्या कंपन्याच ठरवतात, आणि क्रोम काढून दुसरे काही ठेवण्यात त्यांना अजून फायदा दिसलेला नाही.